वडशाचे बुकिंग, गावाचे नाटक

पूर्व विदर्भात धानाची कापणी आणि मळणी उरकली की नाटकांचा हंगाम लागतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांच्या वैनगंगाकाठच्या भागाला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळीनंतर सुरू झालेला हा हंगाम होळीच्या आसपासपर्यंत चालतो आणि या काळात झाडीपट्टीतल्या कोणत्या ना कोणत्या गावात जवळपास रोज रात्री पडदा उघडतो. नाटक रात्री नऊ-दहाला सुरू होते आणि पहाटे संपते. त्यात गाणी असतात, नाच असतो, वाद्यवृंद असतो. ‘संगीत’ हा शब्द जाहिरातीत असो वा नसो, गाण्याशिवाय नाटक ही कल्पना तिथल्या प्रेक्षकाला फारशी रुचत नाही. संगीत रंगभूमी संपली, अशी हळहळ पुण्या-मुंबईत दर दहा वर्षांनी नव्याने व्यक्त होते. ती व्यक्त करणाऱ्यांच्या नकाशात वडसा सहसा नसतो.

वडसा हे गडचिरोली जिल्ह्यातले रेल्वे स्थानक. गावाचे सरकारी नाव देसाईगंज, पण गोंदिया-बल्लारशा मार्गावरच्या स्थानकाची पाटी वडसा अशीच आहे. झाडीपट्टीतल्या नाट्यसंस्थांची कार्यालये प्रामुख्याने इथे आहेत. हंगामापूर्वी या कार्यालयांवर मोठमोठे फलक झळकतात: नाटकाचे नाव, नायक-नायिकांचे चेहरे, विनोदी नटाची बिरुदावली, लावणी नृत्यांगनेचे नाव आणि ठळक अक्षरांत संपर्काचा क्रमांक. गावोगावची मंडळे इथे येऊन नाटक ‘बुक’ करतात. कोणत्या तारखेला कोणती कंपनी, कोणते नाटक, कोण नायिका, किती रकमेला, हे सगळे इथल्या टेबलावर ठरते. रेल्वे आणि रस्ते दोन्ही असल्यामुळे नागपूरहून येणाऱ्या कलावंतांनाही वडसा सोयीचे पडते.

या व्यवहारात एक गोष्ट शहरी रंगभूमीच्या नेमकी उलट आहे. मुंबई-पुण्यात निर्माता नाट्यगृह भाड्याने घेतो, जाहिरात देतो आणि प्रेक्षक येतो की नाही याची वाट पाहतो. धोका निर्मात्याचा. झाडीपट्टीत कंपनी ठरलेली रक्कम घेऊन प्रयोग करते, तिकिटे गावातले मंडळ विकते. गर्दी झाली तर नफा मंडळाचा आणि पाऊस पडला तर तोटाही मंडळाचाच. उरलेल्या पैशातून देवळाचे, शाळेचे किंवा गावाच्या गरजेचे एखादे काम निघते. म्हणजे नाटकाचा चाहता इथे केवळ तिकीट काढणारा माणूस नाही, तो आयोजक आहे, विक्रेता आहे आणि बऱ्याचदा यजमानही. झाडीपट्टीची रंगभूमी सरकारी अनुदानाच्या आधाराशिवाय इतकी वर्षे उभी का राहिली, याचे उत्तर नाटकांच्या गुणवत्तेपेक्षा या रचनेत जास्त सापडते.

नाटकाचा दिवस गावासाठी सणाचा असतो. तो अनेकदा मंडई किंवा शंकरपटाला जोडलेला असतो. मंडई म्हणजे दिवाळीनंतर गावोगावी भरणारी जत्रा. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. दिवसा पट, रात्री नाटक, असा जुना क्रम. सासरी गेलेल्या मुली या दिवशी माहेरी येतात, लांबचे सोयरे मुक्कामाला येतात, घरोघरी पाहुण्यांचा स्वयंपाक होतो. लग्नाच्या वयाची मुले-मुली असलेल्या घरांत याच दिवशी बोलणी निघतात. नाटक पाहायला आलेल्या पाहुण्याला विन्मुख पाठवायचे नसते, त्यामुळे तिकिटाचा खर्च यजमानाच्या माथी येतो आणि तो आनंदाने केला जातो. पुढच्या आठवड्यात त्याच पाहुण्याच्या गावी नाटक असते आणि मग यजमान पाहुणा होतो. ही देवाणघेवाण हिशेबात धरली नाही, तर एवढ्या लहान गावांना एवढे प्रेक्षक मिळतात कुठून हे कोडे सुटत नाही.

२०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली तेव्हा या क्रमातला दिवसाचा भाग गेला. नाटक मात्र चालू राहिले. एखाद्या गावाने पटाच्या तारखेलाच नाटक ठेवले, पट नसला तरी. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना अटींसह तात्पुरती परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. पट परतले. मधल्या काळात नाटकाने स्वतःच्या बळावर गर्दी टिकवून दाखवली होती.

नाट्यगृह म्हणजे गावाबाहेरचे मोकळे शेत. धान निघाल्यावर बांधी, म्हणजे धानाचे शेत, रिकामी असते. तिथे जमीन खोदून प्रेक्षकांच्या बाजूला उतार करतात आणि निघालेल्या मातीचा उपयोग रंगमंचाच्या उंचवट्यासाठी होतो. भोवती कनात, समोर पडदे, वर टांगलेले माईक. पुढे खुर्च्या, मागे जमिनीवर बैठक. थंडी कडक असते, त्यामुळे लोक घोंगड्या-चादरी घेऊनच येतात. रंगमंचाच्या पायथ्याशी वादक बसतात. पूर्वी ऑर्गन किंवा पेटी आणि तबला एवढ्यावर भागत असे. आता कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड हे दोन नवे सभासद कायमचे झाले आहेत. वादकांच्याच आसपास आणखी एक महत्त्वाचा माणूस असतो, तो म्हणजे प्रॉम्प्टर. इथले कलावंत एका हंगामात अनेक नाटके करतात, कधी एका कंपनीतून दुसरीत जातात, तालमीला वेळ जेमतेम मिळतो. संहिता हातात घेऊन वाक्ये पुरवणारा प्रॉम्प्टर नसेल तर प्रयोग उभा राहणार नाही. शहरातला समीक्षक याला उणीव म्हणेल. पण पुरवलेले वाक्य उचलून तत्क्षणी त्यात जीव ओतणे आणि ते संवादाच्या लयीत फेकणे हे स्वतंत्र कसब आहे आणि ते नाट्यशिक्षणाच्या वर्गात शिकवले जात नाही.

या रंगभूमीची मुळे दंडार आणि खडी गंमत या लोकप्रकारांत आहेत. दंडारीत पुरुषच स्त्रीभूमिका करत, गाणे आणि नाच हेच कथेचे वाहन असे. खडी गंमतीत शाहीर, ढोलकी, तुणतुणे, नाच्या आणि हजरजबाबी सोंगाड्या. विसाव्या शतकात मराठी नाटक कंपन्यांचे वळण इथे पोचले आणि पौराणिक-ऐतिहासिक नाटके गावकरी स्वतःच बसवू लागले. चंद्रपूर जिल्ह्यातले नवरगाव हे अशा हौशी परंपरेचे ठळक ठाणे. तिथल्या सदानंद बोरकर यांच्या ‘आत्महत्या’ या नाटकाने शेतकऱ्याचे मरण झाडीपट्टीच्या रंगमंचावर आणले. पुढे स्त्रिया रंगमंचावर आल्या, व्यवसाय वाढला आणि सामाजिक-कौटुंबिक नाटकाने पौराणिकाची जागा घेतली. हुंडा, दारू, भाऊबंदकी, जमिनीचा वाद, शिकून शहरात गेलेला मुलगा, हे आजचे विषय. नायक-नायिका बहुधा प्रमाण मराठी बोलतात आणि झाडीबोली विनोदी पात्रांच्या तोंडी येते. प्रेक्षकाची स्वतःची बोली फक्त हशासाठी राखून ठेवणे हा या रंगभूमीचा जुना आणि थोडा खटकणारा संकेत आहे.

गाण्याची जागा मात्र बदलत गेली. जुन्या नाटकात गाणारा नट ही पहिली गरज होती. पद सुरू झाले की कथा थांबायची आणि ‘वन्स मोअर’ आला की आणखी थांबायची. आता रागदारीवर बेतलेली पदे कमी झाली, भावगीताच्या किंवा सिनेमाच्या चालीची गाणी वाढली. प्रवेशांच्या मध्ये स्वतंत्र लावणी किंवा ‘रेकॉर्ड डान्स’ येतो आणि फलकावर नृत्यांगनेचे नाव नायिकेच्या बरोबरीने झळकते. जाणकार मंडळी यावर नाराज आहेत. त्यांचे म्हणणे असे की नाच हा नाटकाचा भाग न राहता नाटकच नाचाच्या मधल्या जागा भरणारे झाले. मंडळांचा युक्तिवाद वेगळा असतो: पहाटे तीनला तरुण पोरांना जागे ठेवायचे तर काहीतरी हवे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. फक्त एवढे लक्षात घ्यायला हवे की दंडारीतही नाच होता, गंमतीतही होता. प्रश्न नाच आहे की नाही हा नाही, तो कथेला चिकटलेला आहे की सुटा लटकतो आहे हा आहे.

प्रेक्षकाची दाद इथे मोकळी आणि मोठ्या आवाजाची असते. शिट्ट्या, टाळ्या, गाण्याला आग्रह, आवडत्या कलावंताला रोख बक्षीस आणि त्या बक्षिसाची माईकवरून नावासकट घोषणा. देणाऱ्यालाही त्या घोषणेतून चार गावांसमोर मान मिळतो. खलनायकाला शिव्या पडतात आणि त्या त्याला पावतीसारख्या वाटतात. कोणत्या कंपनीची नायिका यंदा दुसऱ्या कंपनीत गेली, कोणत्या विनोदी नटाच्या तारखा संपल्या, याची चर्चा हंगामाच्या आधीच पानटपऱ्यांवर सुरू होते. मालिका-चित्रपटांतले ओळखीचे चेहरे पाहुणे म्हणून आणण्याची टूमही रुजली आहे. त्यांच्या नावाने तिकिटे जातात, पण नाटक रात्रभर पेलायचे काम स्थानिक कलावंतच करतात. त्यांतल्या गुरनोलीच्या डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पाच हजारांहून अधिक प्रयोग केलेल्या या नटाचे नाव त्या दिवशी पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेकांनी पहिल्यांदा ऐकले असेल.

या चाहतेपणाशी ताडून पाहण्यासारखे उदाहरण शंभर वर्षांपूर्वीच्या संगीत नाटकातच आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ने १८८० मध्ये पुण्यात जो प्रकार रूढ केला, त्याचा कळस बालगंधर्वांच्या काळात झाला. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांनी १९१३ मध्ये गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली आणि ‘स्वयंवर’, ‘एकच प्याला’ यांसारख्या नाटकांनी महाराष्ट्र वेडा केला. स्त्रीभूमिकांतल्या त्यांच्या लुगड्याची ढब, अंबाड्यातली फुले, दागिने यांचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करत. पदांना इतके वन्स मोअर पडत की प्रयोग पहाटेपर्यंत लांबत. १९२१ मध्ये बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी गायकनटांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग केला, तेव्हा दोघांचे चाहते एका छताखाली आले. तो आजही संगीत रंगभूमीच्या आठवणींतला सर्वात मोठा दिवस मानला जातो.

पण तो चाहता माणसावर प्रेम करणारा होता. नट थकला, आवाज ढळला, बोलपट आला आणि कंपनी कर्जात बुडाली. रसिकांचे प्रेम तसेच राहिले, तरी कंपनी वाचली नाही. झाडीपट्टीत नायक निवृत्त झाला तरी मंडळ पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीचे नाटक बुक करते, कारण त्यांची पहिली निष्ठा गावाच्या रात्रीवर असते.

आजच्या मुख्य प्रवाहातल्या मराठी संगीत नाटकाचा प्रेक्षक पुन्हा जमतो आहे, फक्त वेगळ्या वाटेने. ‘कट्यार काळजात घुसली’ हे १९६७ चे नाटक २०१५ मध्ये सुबोध भावे यांच्या चित्रपटामुळे नव्या पिढीच्या कानावर पडले. याच दिग्दर्शकाने २०२५ च्या सुरुवातीला ‘संगीत मानापमान’ पडद्यावर आणले. रंगमंचावर सर्वात लक्षणीय घटना प्राजक्त देशमुख यांच्या ‘संगीत देवबाभळी’ची. २०१७ च्या अखेरीस व्यावसायिक रंगमंचावर आलेले हे नाटक केवळ दोन स्त्रीपात्रांचे, तुकोबांची आवली आणि रखुमाई यांच्यावर बेतलेले. आनंद ओक यांचे संगीत त्याला लाभले. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी या दोन अभिनेत्री रंगमंचावर प्रत्यक्ष गात. हे नाटक पुन:पुन्हा पाहणारा एक वर्ग तयार झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात पाचशेव्या प्रयोगाने निरोप घेतला गेला, तेव्हा त्या अवाढव्य सभागृहातली गर्दी संगीत नाटकाला प्रेक्षक नाही या समजुतीला उत्तर देणारी होती. मुंबईतच २०२३ मध्ये सुरू झालेल्या नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्रात ‘द साउंड ऑफ म्युझिक’सारखी परदेशी म्युझिकल्सही येऊ लागली. तिथल्या तिकिटाचा आणि झाडीपट्टीतल्या तिकिटाचा भाव एका वाक्यात सांगणे दोघांवरही अन्याय करणारे ठरेल.

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरही चाहत्यांचे वागणे गेल्या दशकात पालटले. २०१५ मध्ये आलेल्या ‘हॅमिल्टन’ची तिकिटे इतकी महाग झाली की दहा डॉलरच्या सोडतीसाठी रस्त्यावर झुंबड उडू लागली. कोरोनाकाळात नाट्यगृहे बंद असताना टिकटॉकवरच्या हौशी मंडळींनी ‘रॅटाटूई’ या चित्रपटावर गाणी रचली, एकमेकांच्या गाण्यात भर घातली आणि १ जानेवारी २०२१ रोजी त्यातून बांधलेला प्रयोग ऑनलाइन सादर होऊन कलावंतांच्या मदतनिधीसाठी सुमारे वीस लाख डॉलर जमले. चाहताच निर्माता झाला, असे त्याचे कौतुक झाले. मंडळाच्या वहीत वर्गणी मांडणाऱ्या झाडीपट्टीतल्या गावकऱ्याला यात नवे काय, असा प्रश्न पडला तर तो गैर म्हणता येणार नाही.

गावाचे हे यजमानपण नाटकाशिवायही दिसते का, हे शेजारी पाहता येते. झाडीपट्टीचे नाटक पश्चिमेकडे सरकताना विरळ होत जाते आणि वर्धा जिल्ह्यात जवळजवळ संपते. त्याचे उदाहरण पवनार. वर्धा-नागपूर रस्त्यावरचे धाम नदीकाठचे हे गाव विनोबांच्या परमधाम आश्रमासाठी ओळखले जाते. धामचे पाणी पुढे वर्धा नदीला मिळते आणि वर्धा-वैनगंगेच्या संगमातून प्राणहिता होते, म्हणजे नद्या शेवटी भेटतात. नाटकाची वहिवाट मात्र इकडे पोचली नाही. एक कारण पिकात दिसते. धान एकदम कापले जाते, शेत एकदम रिकामे होते आणि हातात पैसा व वेळ एकाच सुमारास येतो. पवनारच्या आसपासचा शेतकरी कापूस, तूर, सोयाबीन घेतो. कापसाची वेचणी दिवाळीपासून पुढे कित्येक आठवडे टप्प्याटप्प्याने चालते, शेत मोकळे होत नाही आणि रात्रभर जागून सकाळी वेचणीला जाणे परवडत नाही. दुसरे कारण सांस्कृतिक असावे. या पट्ट्यात सामूहिक गाण्याची हौस भजनी मंडळांनी भागवली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाचा प्रभाव अमरावती-वर्ध्याकडे खोल आहे. गावोगावच्या भजन स्पर्धाही गावच भरवते, बाहेरच्या मंडळांना गावच जेवू घालते आणि निकालावर गावच भांडते. आश्रमात विनोबांची गीताई म्हटली जाते, गावात खंजिरी वाजते. रंगमंच नसला तरी यजमानपणाची रीत तीच आहे.

आता पवनारच्या तरुणालाही झाडीपट्टीचे नाटक परके राहिलेले नाही, कारण ते मोबाइलवर आले आहे. पूर्ण लांबीच्या प्रयोगांची चित्रीकरणे यूट्यूबवर चढतात, विनोदी प्रवेशांचे तुकडे वेगळे फिरतात, फलकांच्या प्रतिमा व्हॉट्सअॅपवर पुढे ढकलल्या जातात. ज्यांनी नाटक कधी प्रत्यक्ष पाहिले नाही असे चाहतेही यातून तयार होतात. पुण्या-मुंबईत आणि सुरतेला कामासाठी गेलेली झाडीपट्टीची मुले तिथल्या खोलीत बसून गावच्या पटाचे नाटक पाहतात. २०२० च्या कोरोना हंगामात रंगमंच थंडावला, कलावंत-वादकांचे वर्षभराचे उत्पन्न बुडाले, तेव्हा या चित्रीकरणांनी आठवण जागी ठेवली, पण पैसा मिळवून दिला नाही. २०२२ मध्ये तृषांत इंगळे यांच्या ‘झॉलीवूड’ या चित्रपटाने या जगाची धावपळ, स्पर्धा आणि असुरक्षितता पडद्यावर आणली.

ही असुरक्षितता खरी आहे. कलावंतांचे काम वर्षातून चार-पाच महिनेच चालते. रात्रभर प्रयोग आणि दिवसा गाडीतून पुढच्या गावाचा प्रवास. बाहेरून येणाऱ्या अभिनेत्रींना निवासाच्या, सुरक्षिततेच्या अडचणी असतात. अवेळी पाऊस आला तर मंडळ अडचणीत येते आणि ठरलेल्या रकमेवरून वाद होतात. तरीही नवी नाटके दर हंगामात लिहिली जातात, कारण मंडळांना गेल्या वर्षीचे नाटक पुन्हा नको असते. लेखकाला त्यामुळे वर्षाला एक-दोन नाटके लिहावीच लागतात, घाईतली संहिता ही तिथली जुनी तक्रार आहे.

यातल्या बहुतेक संहिता छापल्याच जात नाहीत. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोली आणि तिथल्या लोककला यांची नोंद केली. पण व्यावसायिक नाटकांचे हस्तलिखित प्रॉम्प्टरच्या पिशवीत राहते आणि हंगाम संपला की त्याची गरजही संपते. २०१९ मध्ये नागपूरला ९९ वे अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्षपद झाडीपट्टीच्या मातीतले नाटककार प्रेमानंद गज्वी यांच्याकडे होते आणि या रंगभूमीची चर्चा मुख्य व्यासपीठापर्यंत पोचली. मात्र गेल्या दहा-बारा वर्षांतली नाटके कशी होती हे उद्याच्या अभ्यासकाला पाहायचे असेल, तर त्याला मुख्यतः कनातीजवळच्या प्रेक्षकांनी आणि हौशी वाहिनीवाल्यांनी केलेल्या चित्रीकरणांवर विसंबावे लागेल. त्यांतही अनेक ठिकाणी नाटककाराचे नाव दिलेले नसते. गाव, तारीख आणि बुक करणाऱ्या मंडळाचे नाव तेवढे आवर्जून दिलेले असते.